श्रावणबाळ जर्मनीला, कावड पुण्यात

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात एक सामंजस्य करार झाला. त्या राज्याला कुशल मनुष्यबळाची चणचण आहे आणि महाराष्ट्रात हाताला काम मागणारे तरुण आहेत. तेव्हा महाराष्ट्राने माणसे द्यावीत आणि त्यांनी रोजगार द्यावा, असा हा सरळ व्यवहार. पहिल्या टप्प्यासाठी दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. जर्मन भाषा शिकवण्याची जबाबदारी पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आली आणि त्या प्रशिक्षणाचा भार राज्याच्या तिजोरीने उचलायचे ठरले. वृत्तपत्रांतून या कराराचे स्वागत झाले. मात्र कोणकोणत्या कामांसाठी माणसे हवीत याची जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यापाशी फारसे कोणी थांबले नाही. त्या यादीत इलेक्ट्रिशियन होते, प्लंबर होते, वाहनचालक होते, परिचारिका होत्या. आणि त्यांच्याच पंक्तीला आजारी व वृद्ध व्यक्तींची शुश्रूषा करणारे सेवकही होते.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. श्टुटगार्टमधील एखाद्या पंचाऐंशी वर्षांच्या आजीबाईंना अंघोळ घालणारे, वेळेवर औषध देणारे, रात्री उठून पाणी पाजणारे हात महाराष्ट्रातून जाणार आहेत. ते हात तयार करण्याचा खर्च महाराष्ट्राचा करदाता करणार आहे. आणि त्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या स्वतःच्या आईला पाणी कोण पाजणार, या प्रश्नाचा उच्चार कोणत्याही जाहीर निवेदनात नाही.

योगायोग असा की, याच महाराष्ट्र शासनाची निराधार वृद्धांसाठी जी निवृत्तिवेतन योजना आहे, तिचे नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' असे आहे. महिना १५०० रुपये. नाव ठेवणाऱ्याच्या मनात शासनाने श्रावण व्हावे असा भाव असणार आणि तो भाव चांगलाच आहे. परंतु एका खात्याने श्रावणाचे नाव घेऊन दीड हजार रुपये द्यायचे आणि दुसऱ्या खात्याने हाडामांसाच्या श्रावणाला विमानात बसवून द्यायचे, यातली विसंगती कोणाच्या लक्षात येऊ नये? पुराणातला श्रावणही पाणी आणायला म्हणूनच गेला होता.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. परदेशी जाऊ नये, असे येथे कोणी म्हणत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात बेड्या तोडायला सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत याच पुण्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या समुद्रप्रवासाचा अभिमान न वाटणारा मराठी माणूस विरळा. ज्या मराठवाड्यातल्या मुलाला आयटीआय करूनही गावात काम मिळत नाही, त्याला जर्मनीत पोटभर पगार मिळत असेल, तर त्याच्या वाटेत उभे राहण्याचा अधिकार पुण्यातल्या पेन्शनरांना नाही आणि संपादकांनाही नाही. प्रश्न जाणाऱ्याचा नाहीच. दोन सरकारे टेबलाच्या दोन बाजूंना बसून माणसांच्या वयाचा सौदा करतात, तेव्हा टेबलावर कोणाची बाजू मांडलीच जात नाही, हा प्रश्न आहे.

एकाच बाजूचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाने २००० साली एक अहवाल प्रसिद्ध केला होता. त्याचे नावच 'रिप्लेसमेंट मायग्रेशन', म्हणजे घटत्या लोकसंख्येची भरपाई करणारे स्थलांतर. जर्मनी, जपान, इटली, ब्रिटन, अमेरिका आदी आठ देश आणि युरोपातील दोन गट घेऊन, तेथील लोकसंख्या टिकवायची तर बाहेरून किती माणसे आणावी लागतील, याचे गणित त्यात मांडले होते. गणित चोख होते. मात्र ती माणसे ज्या घरांतून उचलली जातील, त्या घरांचे काय होईल, हा त्या गणिताचा विषय नव्हता. गेल्या पाव शतकात झालेले बहुतेक करार याच अर्ध्या गणितावर उभे आहेत.

जर्मनीत एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १.३५ च्या आसपास आले आहे आणि पाचांतील एकाहून अधिक माणूस पासष्टीच्या पुढचा आहे. जपानमध्ये हा वृद्धांचा वाटा जवळजवळ २९ टक्के आहे. या देशांनी आपल्या म्हाताऱ्यांची व्यवस्था लावण्यात कसूर केलेली नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. पैशाची तजवीज झाली. उणीव राहिली ती माणसांची. म्हणून ५ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. जपानशी विशेष कुशल कामगारांसंबंधीचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्यातही वृद्धांची शुश्रूषा हे एक प्रमुख क्षेत्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानशी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम ठरला. त्यात भारतातून जपानला जाणारी कुशल माणसे पन्नास हजार धरली आहेत. इस्रायलशी २०२३ मध्ये जी बोलणी ठरली, त्यात बांधकाम कामगारांबरोबर आठ हजार शुश्रूषा सेवकांचा समावेश होता.

केरळने डिसेंबर २०२१ मध्ये परिचारिकांसाठी जर्मनीच्या ज्या योजनेशी हातमिळवणी केली, तिचे नाव 'ट्रिपल विन' आहे. तिहेरी विजय! माणूस नेणारा देश जिंकला, माणूस देणारा देश जिंकला आणि जाणारा माणूसही जिंकला. नाव ठेवणाऱ्यांनी मोजदाद तिघांवर थांबवली. चौथा पक्ष उंबरठ्यावर बसून राहिला आहे, त्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्याला या योजनेत खेळाडू म्हणूनसुद्धा कोणी धरलेले नाही.

सरकारांना असे काही जमत नाही, असेही नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार पाहावा. २००८ मध्ये मर्यादित स्वरूपात सुरुवात झाली, ऑक्टोबर २०११ मध्ये व्यापक करारावर सह्या झाल्या आणि १ मे २०१७ पासून तो लागू झाला. दोन्हीकडे भरलेल्या वर्षांची बेरीज करून निवृत्तिवेतनाचा हक्क ठरवता यावा आणि ते वेतन भारतात आणता यावे, अशी सोय त्यात झाली. अमेरिकेशी असा करार आजतागायत नाही. तेथे जाणारा आमचा संगणक अभियंता पगाराचे ६.२ टक्के सामाजिक सुरक्षेपोटी भरतो आणि दहा वर्षे पुरी होण्याआधी परतला, तर त्यावर सामान्यतः पाणी सोडतो. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला, तेव्हा तात्पुरत्या कामासाठी पाठवलेल्यांना तीन वर्षांपर्यंत दुहेरी वर्गणीतून सूट देण्याचे मान्य करून घेण्यात आले. हे सारे भारतीय वाटाघाटकारांच्या चिकाटीचे यश आहे आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण या सगळ्या मसुद्यांत कामगार आहे, मालक आहे, वर्गणी आहे. कामगाराचे आई-बाप कोठेच नाहीत.

पुण्याला हे कळायला हवे होते

अन्य कोणत्या शहराला नसेल, पण पुण्याला ही गोष्ट फार आधी कळायला हवी होती. एक तर लोकसंख्येचा शास्त्रीय अभ्यास या शहरात जुना आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर या दांपत्याने पुणे जिल्ह्यातील जन्म-मृत्यूची पाहणी पन्नासच्या दशकात केली. त्याच कुमुदिनीबाईंनी १९९६ मध्ये भारतातील वृद्धांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. तोपर्यंत 'म्हातारपण' हा धोरणाचा विषय असू शकतो, हे दिल्लीत किती जणांना मान्य होते, कोण जाणे. वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले ते १९९९ मध्ये.

आणि दुसरे म्हणजे, हा अनुभव पुण्याने घरोघर घेतला आहे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, औंध. कोणत्याही सोसायटीत संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्यांना मुले कोठे असतात असे विचारावे आणि उत्तरांचा नकाशा काढावा. परदेशस्थ मुलांच्या पालकांची स्वतंत्र संघटना या शहरात उभी राहिली, यातच सारे आले. पाषाण, बाणेर, बावधन परिसरात केवळ ज्येष्ठांसाठी बांधलेली गृहसंकुले भरून गेली. नवी पेठेतील 'निवारा' ही एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था. तिचे मूळ नाव अनाथ पंगुगृह. त्या काळी आसरा लागे तो ज्याला कोणी नाही त्याला. आज शहरातल्या वृद्धाश्रमांच्या दारात ज्यांची नावे प्रतीक्षायादीत असतात, त्यांतील अनेकांना मुले आहेत, मुले कर्तबगार आहेत आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसतात. आपल्या आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थ सांगितला आहे खरा, पण त्यात घर सोडून जात ते वडील. मुलांनी वनाची वाट धरायची आणि वडिलांनी ब्लॉक सांभाळायचा, हा नवा वानप्रस्थ कोणत्या स्मृतीत आहे?

करोनाच्या काळात यातले सर्वात कठोर पान उघडले गेले. २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे बंद झाली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. प्रारंभीच्या आठवड्यांत ओसीआय कार्डधारकांचीही व्हिसाविना प्रवेशाची सवलत स्थगित होती. मे २०२० च्या अखेरीस ती अंशतः सैल झाली. ज्या कार्डाला 'दुहेरी नागरिकत्व' समजून अनेक कुटुंबे निर्धास्त होती, ते केवळ एक प्रवेशपत्र आहे, हे त्या वेळी कळले. वैकुंठातले अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहणारी कितीतरी मुले त्या दोन वर्षांत होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे दोन देशांत विमानांचे 'एअर बबल' करार झपाट्याने झाले. व्यवहार अडला की सरकारे आठवड्यांत करार करतात, याचा तो पुरावाच होता.

अर्थात पुण्याच्या मध्यमवर्गाने यातून मार्ग काढला. पैसा होता, ब्युरो होते, दिवसरात्र राहणारी बाई मिळत होती. पण ही बाई येते कोठून? ती येते हिंगोलीहून, नांदेडहून, लातूरहून, वाशीमहून. मुलाला गावी सासूपाशी ठेवून ती कोथरूडमधल्या आजोबांचा डायपर बदलते, आणि गावी त्या सासूचे गुडघे दुखतात तेव्हा शेजारीण पाहते. म्हणजे पुण्यातला मुलगा बोस्टनला गेला, त्याची जागा हिंगोलीच्या मुलीने भरली आणि हिंगोलीतली जागा रिकामी राहिली. आता त्याच मुलीला, तिने थोडे जर्मन शिकले तर, श्टुटगार्टचा रस्ता शासनानेच मोकळा करून दिला आहे. तिने का जाऊ नये? ती जरूर जाईल. मग कोथरूडच्या आजोबांपाशी कोण बसणार आणि हिंगोलीच्या सासूपाशी कोण, याचे उत्तर त्या सामंजस्य कराराच्या कोणत्या कलमात आहे?

दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराची मीमांसा केली, तेव्हा केवळ रुपयांचा हिशेब मांडला नव्हता. इंग्रज अधिकारी येथे अनुभव मिळवतात आणि निवृत्त होऊन तो शहाणपणाचा ठेवा मायदेशी घेऊन जातात, ही नैतिक हानीही त्यांनी मोजली होती. आजची हानी उलट दिशेची आहे. येथे मूल जन्मते, अंगणवाडीत जाते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते, सरकारी आयटीआयमध्ये घडते. खर्च येथला, आणि कमावती चाळीस वर्षे तेथली. प्रा. जगदीश भगवती यांनी सत्तरच्या दशकात अशा बुद्धिवहनावर कर बसवावा असे सुचवले होते. ते कोणी मनावर घेतले नाही. जाणाऱ्याच्या खिशाला हात घालण्याची ती कल्पना कदाचित चुकीचीही असेल, कारण देणे लागतो तो नेणारा देश.

आधी आपले घर

यावर हमखास उत्तर येते ते परदेशातून येणाऱ्या पैशाचे. ते उत्तर हलके नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात बाहेरून येणाऱ्या रकमेचा सर्वाधिक वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राकडे येतो. केरळचाही क्रमांक त्यानंतर लागतो. पण केरळ आणि महाराष्ट्र यांत एक मोठा फरक आहे. केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. १९९८ पासून तिरुवनंतपुरमची अभ्यास संस्था घरोघर जाऊन स्थलांतराची पाहणी करते. कोणत्या जिल्ह्यातून किती गेले, घरी कोण उरले, किती परतले, याचे आकडे तेथे उपलब्ध असतात. मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेने राज्य ज्येष्ठ नागरिक आयोगाचा कायदा केला. त्या राज्यातल्या सत्ताधाऱ्यांच्या विचारांशी कितीही मतभेद असोत, जे चांगले आहे ते उचलायला संकोच कसला? महाराष्ट्रातून किती माणसे परदेशी गेली, पुणे जिल्ह्यात किती घरांत केवळ वृद्धच राहतात, याची अशी नियमित पाहणी येथे नाही. जे मोजलेच नाही, त्याची बाजू वाटाघाटीत मांडणार कशी?

मुलांकडे पोहोचणारा कायदा आहे, तोही तोकडा. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. वाचायला बरे वाटते. पण मुलगा अमेरिकेचा किंवा जर्मनीचा नागरिक झाला की त्याचा धागा सुटतो, आणि तसा सुटला नाही तरी प्रांताधिकाऱ्यासमोर जाऊन जास्तीत जास्त दहा हजार रुपये महिना मागायचा, एवढेच त्या कायद्याचे सामर्थ्य. ज्या आईला पैसा नको, माणूस हवा आहे, तिच्यासाठी त्यात काहीही नाही. कायद्याने तसे काही देताही येत नाही. देता येते ते माणसाला येण्याचे स्वातंत्र्य. आणि तेथेच परदेशी नियम आडवे येतात.

एक उदाहरण पुरेसे आहे. जर्मनीत साधारण निवास परवान्यावर राहणारा परदेशी माणूस सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिला आणि तेथील कार्यालयाने आधीच मुदत वाढवून दिलेली नसली, तर त्याचा परवाना संपुष्टात येतो. उच्च पगाराच्या ब्लू कार्डधारकाला बारा महिने मिळतात. म्हणजे अभियंत्याच्या आईने वर्षभर अंथरूण धरले तर चालेल. शुश्रूषा सेविकेच्या आईने सहा महिन्यांत बरे व्हावे किंवा जावे! याच जर्मनीत २००८ पासून असा कायदा आहे की, पंधराहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्याला जवळच्या आप्ताची घरी शुश्रूषा करण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत रजा मागता येते. कायदा उत्तम आहे. मात्र त्या आप्ताला शुश्रूषेची गरज असल्याचा दाखला जर्मनीच्या शुश्रूषा विमा यंत्रणेकडून लागतो. सदाशिव पेठेतल्या किंवा सेनगावातल्या वडिलांना तो दाखला कोण देणार? दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांची सेवा करणाऱ्या माणसाला स्वतःच्या वडिलांसाठी त्या कायद्याचे दार बंद आहे.

जर्मनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ते एकांगी होईल. १ मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगाराला आई-वडिलांना तेथे नेण्याची मुभा त्यांनी दिली आहे. निर्वाहाची आणि आरोग्य विम्याची सोय त्याने दाखवली पाहिजे. सत्तरीच्या माणसाचा असा विमा किती महाग पडतो, हे ज्याने चौकशी केली त्याला विचारावे. ब्रिटनने तर २०१२ पासून वृद्ध आई-वडिलांना आणण्याचे नियम इतके कडक केले आहेत की, तो मार्ग नावापुरताच उरला आहे. शिवाय आणखी एक विचार. दहा वर्षे ज्या माणसाने जंगली महाराज रस्त्यावरच्या बागेत सकाळची फेरी मारली, ज्याचे डॉक्टर, देऊळ, वाचनालय आणि भाजीवाला पायांना पाठ आहेत, त्याला उचलून बर्फात नेऊन ठेवणे ही सेवा की दुसरा वनवास?

लोकसंख्येची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण २.९ च्या जवळ होते. २०१९-२१ मध्ये ते १.७ वर आले. त्यानंतरही शासकीय नोकरीसाठी दोनच मुलांची अट घालणारे २००५ चे नियम आपल्या जागी आहेत. सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी १ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर येथे, हा दर २.१ च्या खाली गेलेला समाज लोप पावत जातो, याकडे लक्ष वेधले. त्यावर दूरचित्रवाणीवर आठवडाभर वाद झाला, पण तो झाला तो 'किती मुले' एवढ्याच प्रश्नावर. ती मुले राहणार कोठे, राबणार कोणासाठी, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. स्वतःला राष्ट्रीय विचारांची म्हणवणारी कुटुंबेही त्यातून सुटत नाहीत. मुलाला दहावीपासून जीआरईच्या वाटेला लावणारा बाप आणि तिसऱ्या अपत्याचे महत्त्व पटवून देणारा बाप हा अनेकदा एकच असतो. तिसरे मूल हवे ते श्टुटगार्टसाठी का?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे ९.९ टक्के होती, देशाच्या सरासरीपेक्षा अधिक. २०३६ पर्यंत देशातच हे प्रमाण १५ टक्क्यांच्या घरात जाईल, असा शासनाच्या तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. जर्मनीची आजची उणीव ही महाराष्ट्राची उद्याची उणीव आहे, आणि जर्मनीला जसा महाराष्ट्र सापडला तसा महाराष्ट्राला कोणी सापडेलच, या भरवशावर राहता येणार नाही. समाज आपल्या परीने करतोच आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉम आहे, जनकल्याण समितीच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर घरोघर जातात. पण खुर्ची मिळाली, तरी ती ढकलायला माणूस लागतो.

मग शासनाने करावे काय? मुलगा आपल्या हिमतीने जात होता तोवर तो घरचा विषय होता. शासन स्वतः मध्यस्थ होऊन करार करते, प्रशिक्षण देते आणि संख्या जाहीर करते, तेव्हा मागे उरलेल्यांची जबाबदारीही शासनाची होते. पुढच्या प्रत्येक करारात मागणी करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. आई-वडिलांच्या आजारपणासाठी मायदेशी राहावे लागलेला काळ परवान्याच्या मुदतीत मोजू नये आणि ती सोय अभियंत्याला व सेविकेला सारखीच असावी. भारतातील सिव्हिल सर्जनचा दाखला शुश्रूषा-रजेसाठी तेथे ग्राह्य धरावा. आणि सर्वात महत्त्वाचे, जो देश येथून एक प्रशिक्षित शुश्रूषा सेवक नेईल, त्याने दुसरा एक येथे राहून काम करील असा सेवक घडवण्याचा खर्च उचलावा. जर्मनीला हे जड नाही. तेथील शुश्रूषा विम्याची तीस वर्षांची जुनी व्यवस्था आहे. उलट मागितले गेले नाही म्हणून दिले गेले नाही, एवढेच.

डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत स्थलांतरविषयक जागतिक संहितेच्या बाजूने भारताने मत दिले. तिच्या तेवीस उद्दिष्टांतील बाविसावे उद्दिष्ट स्थलांतरितांची सामाजिक सुरक्षा त्यांच्याबरोबर देशोदेशी नेता यावी, असे सांगते. त्यात 'आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माता-पित्यांची' हे शब्द घालण्यासाठी भारताएवढा नैतिक अधिकार अन्य कोणाला आहे? १९७४ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन, हे डॉ. करणसिंग यांनी सांगितले आणि जगाने ते ऐकले. तेव्हा भारत गरीब होता, आणि तरीही बोलला.

ही संधी आत्ता दाराशी आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी येऊ घातलेल्या कायद्याचा मसुदा परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच जाणाऱ्यांचे 'कल्याण' हा शब्द आहे. लोकसंख्येतील बदलांचा विचार करणारी उच्चाधिकार समिती नेमण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती. आणि १ मार्च २०२७ हा नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक ठरला आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरात किती माणसे राहतात हे विचारील. या घरातले कोण कोणत्या देशात आहे आणि दाराची कडी काढायला उठलेल्या या दोघांचे कोणी गावात आहे का, हे दोन प्रश्न महाराष्ट्र शासनाला स्वतःच्या पाहणीत विचारता येतील. त्यासाठी ना दिल्लीची परवानगी लागते, ना श्टुटगार्टची. सुरुवात पुणे महापालिकेच्या हद्दीत करावी. कट्ट्यांवर बसलेल्यांना उत्तरे तोंडपाठ आहेत.